मोबाईल नंबर पोर्टेबिलिटी

मोबाईल नंबर पोर्टेबिलिटी म्हणजे आपला भ्रमणध्वनी क्रमांक कायम ठेवून सेवा देणारी कंपनी बदलण्याची सोय होय. भारतात ही सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणा परिमंडळात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली. तिचे नियमन भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच 'ट्राय' ही संस्था करते. मराठीत या संज्ञेला 'क्रमांक-सुवाह्यता' असा प्रतिशब्द करता येतो. मात्र बोलण्यात तो रुळलेला नाही. लातूर-नांदेडकडे 'नंबर पोर्ट करणे' किंवा नुसते 'पोर्ट मारणे' असेच म्हटले जाते.

संकल्पना

पोर्टेबिलिटी येण्यापूर्वी क्रमांक हा व्यवहारात कंपनीचा असे. क्रमांकाच्या पहिल्या चार आकड्यांवरून कंपनी आणि परिमंडळ दोन्ही ओळखता येत. महाराष्ट्रात ९८२२ म्हटले की आयडिया, ९४२२ म्हटले की बीएसएनएल आणि ९८९० म्हटले की एअरटेल, हे त्या काळातील फोनधारकांना पाठ होते. कंपनी सोडायची तर क्रमांकही सोडावा लागे. नवा क्रमांक सगेसोयरे, दुकानदार, बँक आणि कार्यालय यांना कळवण्याच्या कटकटीपेक्षा महाग किंवा निकृष्ट सेवा सहन केलेली बरी, असा विचार करून ग्राहक जागचा हलत नसे. अर्थशास्त्रात याला बदलाचा खर्च म्हणतात. तो कमी झाला की कंपन्यांमधील स्पर्धा वाढते, हे या योजनेमागील मूळ तत्त्व आहे.

तांत्रिकदृष्ट्या पाहता प्रत्येक पोर्ट झालेल्या क्रमांकाची नोंद एका मध्यवर्ती विदागारात ठेवली जाते. एखाद्या क्रमांकावर फोन लावला असता फोन लावणाऱ्याची कंपनी प्रथम या नोंदी पाहते आणि तो क्रमांक सध्या कोणत्या कंपनीकडे आहे हे समजल्यावर संभाषण तिकडे वळवते. ही तपासणी निमिषार्धात होत असल्याने ग्राहकाला तिचा पत्ताही लागत नाही. हे काम पाहणाऱ्या दोन स्वतंत्र संस्था असून देश त्यासाठी दोन विभागांत वाटला आहे. उत्तर व पश्चिम भारताच्या पहिल्या विभागात महाराष्ट्र आणि मुंबई ही परिमंडळे येतात.

इतिहास

ही सोय जगात प्रथम सिंगापूरने १९९७ मध्ये दिली. हाँगकाँग व ब्रिटनमध्ये ती १९९९ मध्ये, अमेरिकेत नोव्हेंबर २००३ मध्ये, तर पाकिस्तानात २००७ मध्ये, म्हणजे भारताच्या आधी तीन वर्षे सुरू झाली. भारतात ट्रायने २३ सप्टेंबर २००९ रोजी नियमावली प्रसिद्ध केली; परंतु कंपन्यांच्या यंत्रणा सज्ज होण्यास वर्षाहून अधिक काळ गेला. सुरुवातीला पोर्टिंगचे कमाल शुल्क १९ रुपये होते. २०१८ च्या आरंभी ते ४ रुपयांवर आणले गेले. नोव्हेंबर २०१९ पासून ते ६ रुपये ४६ पैसे झाले. ही रक्कम बहुतेक वेळा नवी कंपनीच सोसते.

पहिली साडेचार वर्षे पोर्टिंग एकाच परिमंडळाच्या आत शक्य होते. ३ जुलै २०१५ पासून ते परिमंडळाबाहेरही करता येऊ लागले. त्यानंतरचा मोठा बदल डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर झालेल्या सातव्या दुरुस्तीने झाला. ती १६ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे आणि आजची बरीचशी प्रक्रिया तिच्यावरच आधारलेली आहे. २०२४ सालापर्यंत पोर्टिंगच्या एकूण अर्जांची संख्या शंभर कोटींच्या पुढे गेली. अर्थात एकाच ग्राहकाने अनेकदा कंपनी बदलली असल्यास प्रत्येक अर्ज वेगळा मोजला जातो, हे ही संख्या वाचताना ध्यानात ठेवावे.

परिमंडळे आणि मराठवाडा

दूरसंचाराचे नकाशे राज्यांच्या सीमांशी पूर्णपणे जुळत नाहीत. महाराष्ट्र परिमंडळात गोवा येते. पण मुंबई येत नाही. ठाणे, नवी मुंबई व कल्याण यांच्यासह मुंबईचे परिमंडळ वेगळे आहे. तेलंगण राज्य २०१४ मध्ये स्वतंत्र झाले, तरी दूरसंचाराच्या दृष्टीने ते अद्याप आंध्र प्रदेश परिमंडळातच मोडते.

या रचनेचा परिणाम मराठवाड्याच्या सीमाभागाला विशेष जाणवत असे. लातूर जिल्ह्यातील जळकोट तालुक्याला लागून नांदेडचा मुखेड तालुका आहे. त्यापुढे देगलूर ओलांडले की तेलंगण लागते, तर उदगीरच्या दक्षिणेस कर्नाटकातील बीदर जवळ आहे. सीमेलगतच्या गावांत स्वतःच्या परिमंडळातील टॉवर दूर असला की फोन शेजारच्या परिमंडळातील टॉवर पकडतो. रोमिंगचे दर वेगळे होते त्या काळी घराच्या ओसरीवर बसूनही रोमिंगचे पैसे कापले जाण्याचा प्रकार त्यामुळे घडत असे. बीएसएनएलने १५ जून २०१५ पासून देशभर येणारे कॉल रोमिंगमध्ये मोफत केले. २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर इतर कंपन्यांनाही देशांतर्गत रोमिंगचे शुल्क सोडून द्यावे लागले.

जळकोट-उदगीरकडचा विद्यार्थी शिकण्यास पुण्याला गेला तर तो त्याच परिमंडळात राही. मुंबईला किंवा हैदराबादला गेला तर मात्र २०१५ पूर्वी त्याला एक तर रोमिंग सोसावे लागे किंवा नवा क्रमांक घ्यावा लागे. ऊसतोडीसाठी कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांची स्थितीही हीच होती. हंगामापुरते तिकडचे सीमकार्ड घ्यायचे आणि गावी परतल्यावर ते टाकून द्यायचे, ही रीत त्यातूनच पडली. आज ती गरज उरलेली नाही. परिमंडळाबाहेर पोर्ट न करताही जुने सीमकार्ड सर्वत्र चालते. म्हणून परिमंडळाबाहेरील पोर्टिंगचे महत्त्व आता पूर्वीइतके राहिलेले नाही.

करारातून मुदतीपूर्वी बाहेर पडणे

पाश्चात्त्य देशांत मोबाईल सेवा बहुधा एक-दोन वर्षांच्या कराराने घेतली जाते. फोनसंचाची किंमत मासिक देयकात मिसळलेली असते आणि मुदतीआधी करार सोडल्यास उरलेल्या महिन्यांची रक्कम भरावी लागते. ब्रिटनमध्ये १ जुलै २०१९ पासून एक संदेश पाठवून पोर्टिंगचा संकेतांक मिळतो. त्या संदेशाच्या उत्तरातच करार मोडण्याचा खर्च किती येईल हेही कळवले जाते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव परिचयाचा आहे. भारतात बहुसंख्य ग्राहक प्रीपेड असल्याने अशा करारांचे प्रमाण अल्प आहे. तरीही बांधिलकी अजिबात नसते असे नव्हे. तिचे काही प्रकार ओळखून ठेवणे उपयुक्त ठरते.

पहिला प्रकार फोनसंच आणि सेवा एकत्र बांधण्याचा. रिलायन्स इन्फोकॉमने २००३ मध्ये 'मान्सून हंगामा' योजनेत सुरुवातीला केवळ ५०१ रुपये घेऊन फोनसंच दिले. ते सीडीएमए तंत्रज्ञानाचे होते, त्यांत सीमकार्ड नसे आणि क्रमांक फोनमध्येच कोरलेला असे. त्यामुळे कंपनी सोडणे म्हणजे फोनही टाकून देणे. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनसाठी १,५०० रुपये अनामत घेतली जात होती. ती तीन वर्षांनी फोन परत केल्यावर पूर्ण मिळणार होती आणि त्याआधी फोन परत केल्यास कमी मिळणार होती. या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सीमकार्ड चालत नसे. अशा ग्राहकाने क्रमांक पोर्ट केला तर क्रमांक जाई. फोन मात्र मागेच राही.

दुसरा प्रकार पोस्टपेड जोडणीचा. पोस्टपेड ग्राहकाने देयकाच्या नेहमीच्या चक्रानुसार निघालेली सर्व देयके भरलेली असली पाहिजेत, अन्यथा संकेतांक मिळत नाही. एखाद्या विशेष योजनेत ठरावीक काळ न सोडण्याची लेखी अट मान्य केली असेल तर त्या करारातील बाहेर पडण्याच्या कलमाची पूर्तता करावी लागते. नोंदणीच्या वेळी सही केलेला अर्ज किंवा ई-मेलवर आलेली अटींची प्रत वाचणे येथे अपरिहार्य ठरते. दुकानदाराचे 'काही होत नाही' हे आश्वासन कराराचा भाग नसते. अनामत भरलेली असल्यास शेवटच्या देयकाचा हिशेब होऊन ती परत मिळण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

पोर्टिंग झाल्यावर जुन्या कंपनीचे शेवटचे काही दिवसांचे देयक निघते. ते नव्या कंपनीकडे जात नाही, जुन्या पत्त्यावरच येते आणि अनेकदा दुर्लक्षित राहते. ते थकल्यास जुनी कंपनी मध्यस्थ संस्थेमार्फत नव्या कंपनीला कळवू शकते आणि सूचना देऊनही पैसे न भरल्यास नव्या कंपनीकडील चालू सेवा खंडित होऊ शकते. म्हणून पोर्टिंगनंतर महिनाभर या देयकाची वाट पाहून ते चुकते करावे.

तिसरा प्रकार हप्त्यांवर घेतलेल्या फोनचा आहे. येथे कर्ज वित्तसंस्थेचे असते, दूरसंचार कंपनीचे नव्हे. कंपनी बदलल्याने हप्ते थांबत नाहीत आणि हप्ते बाकी आहेत एवढ्या कारणाने पोर्टिंगही अडवता येत नाही. या दोन गोष्टींची गल्लत सर्रास केली जाते.

प्रीपेड ग्राहकाला कोणत्याही क्षणी बाहेर पडता येते. पण शिल्लक रक्कम आणि रिचार्जचे उरलेले दिवस नव्या कंपनीकडे जात नाहीत, ते बुडतात. वर्षभराचे रिचार्ज एकरकमी भरलेल्या ग्राहकाच्या बाबतीत हाच खरा 'करार' ठरतो. स्वस्त पडते म्हणून ३६५ दिवसांचे रिचार्ज करण्यापूर्वी त्या कंपनीची रेंज आपल्या घरात आणि शेतात दोन्हीकडे येते ना, हे निदान महिनाभराच्या रिचार्जवर पाहून घेणे शहाणपणाचे.

प्रक्रिया

ज्या क्रमांकाचे पोर्टिंग करायचे त्याच क्रमांकावरून १९०० या क्रमांकाला एसएमएस पाठवावा लागतो. त्यात इंग्रजी अक्षरांत 'पोर्ट' हा शब्द, नंतर एक जागा सोडून आपला दहा आकडी क्रमांक लिहितात. मध्यस्थ संस्था ग्राहकाच्या पात्रतेची जुन्या कंपनीकडे लगेच खातरजमा करते आणि सर्व ठीक असल्यास आठ चिन्हांचा एक संकेतांक ग्राहकाला पाठवते. त्याला युनिक पोर्टिंग कोड किंवा यूपीसी म्हणतात. पात्रता नसल्यास नकाराचे कारण कळवले जाते. पूर्वी संकेतांक जुनी कंपनीच देत असे आणि तो देण्यास टाळाटाळ करीत असे. सातव्या दुरुस्तीने तो अधिकार तिच्याकडून काढून घेतला, हा त्या दुरुस्तीचा सर्वांत मोठा लाभ म्हणावा लागेल.

संकेतांक चार दिवस वैध असतो. जम्मू-काश्मीर, आसाम व ईशान्य परिमंडळांत ही मुदत तीस दिवसांची आहे. त्या मुदतीत नव्या कंपनीच्या दुकानात जाऊन संकेतांक देणे, ओळख पटवणे आणि नवे सीमकार्ड घेणे एवढेच ग्राहकाचे काम असते. १ जानेवारी २०२४ पासून कागदी अर्जाची पद्धत बंद झाल्याने ओळख आधार किंवा अन्य डिजिटल मार्गाने पटवली जाते. परिमंडळाच्या आतील पोर्टिंग तीन कामकाजी दिवसांत, तर परिमंडळाबाहेरील किंवा कंपनीच्या नावे असलेल्या क्रमांकाचे पाच कामकाजी दिवसांत पूर्ण व्हावे असा नियम आहे. विचार बदलल्यास अर्ज केल्यापासून २४ तासांच्या आत १९०० वर इंग्रजी अक्षरांत 'कॅन्सल' आणि क्रमांक लिहून पाठवता येतो.

बदल नेमका कधी होणार ते एसएमएसने कळवले जाते. बहुधा तो रात्री होतो आणि त्या वेळी सुमारे चार तासांपर्यंत सेवा बंद राहू शकते. जुन्या सीमकार्डाची रेंज गेली की नवे कार्ड फोनमध्ये घालतात. यूपीआय ॲप सीमकार्डाशी जोडलेले असल्याने नवे कार्ड घातल्यावर त्याची नोंदणी पुन्हा करावी लागते. बाजाराच्या दिवशी किंवा प्रवेश-अर्जाच्या शेवटच्या तारखेला पोर्टिंग येणार नाही अशा बेताने अर्ज केलेला बरा.

एका अडचणीचा उल्लेख आवश्यक आहे. काही कंपन्यांच्या स्वस्त प्रीपेड योजनांत एसएमएस पाठवण्याची सोयच नव्हती. त्यामुळे ग्राहकाला १९०० वर संदेश पाठवता येत नसे. म्हणजे कंपनी सोडण्यासाठी आधी त्याच कंपनीचे महाग रिचार्ज करण्याची पाळी येई. याविषयी तक्रारी झाल्यावर ट्रायने ७ डिसेंबर २०२१ रोजी निर्देश काढला. रिचार्ज कितीही रुपयांचे असो, पोर्टिंगचा एसएमएस पाठवण्याची सोय प्रत्येक मोबाईल ग्राहकाला द्यावीच लागेल, असे त्यात बजावले आहे. 'आधी रिचार्ज मारा, मग पोर्ट होईल' असे कोणी सांगितल्यास हा निर्देश आठवावा.

नकाराची कारणे

सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले नसल्यास संकेतांक मिळत नाही. हे दिवस नव्या जोडणीपासून किंवा मागील पोर्टिंगपासून मोजले जातात. पोस्टपेड देयक थकलेले असणे, क्रमांक दुसऱ्याच्या नावे करण्याचा अर्ज प्रलंबित असणे, क्रमांकाविषयी न्यायालयात वाद चालू असणे किंवा न्यायालयाने मनाई केलेली असणे, ही इतर कारणे होत. जुन्या कंपनीने चुकीच्या कारणाने अर्ज फेटाळल्यास तिला प्रत्येक प्रकरणी १०,००० रुपयांपर्यंत आर्थिक दंड होऊ शकतो.

मार्च २०२४ च्या नवव्या दुरुस्तीने आणखी एक अट आली. सीमकार्ड बदलून घेतल्यास पुढील सात दिवस संकेतांक दिला जात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली ही अट फसवणूक रोखण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या नावाचे बदली सीमकार्ड मिळवायचे, लगेच क्रमांक दुसरीकडे पोर्ट करायचा आणि बँकेचे ओटीपी हस्तगत करायचे, असे गुन्हे वाढले होते. त्याच कारणाने यूपीसी संकेतांक कोणालाही फोनवर सांगू नये. तो ओटीपीइतकाच नाजूक असतो.

ग्रामीण भागात आणखी एक अडचण वरचेवर दिसते. क्रमांक वर्षानुवर्षे आजोबा वापरतात. पण सीमकार्ड घेताना कागदपत्रे पुतण्याची किंवा शेजाऱ्याची दिलेली असतात. पोर्टिंगच्या वेळी ओळख मूळ नोंदणीधारकाचीच पटवावी लागते. नोंदणीधारक पुण्या-मुंबईला असेल किंवा हयात नसेल तर आधी क्रमांक स्वतःच्या नावे करून घ्यावा लागतो. आपल्या नावावर कोणते क्रमांक आहेत ते केंद्र सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर पाहता येते. हे संकेतस्थळ मे २०२३ मध्ये सुरू झाले.

नवी कंपनी निवडताना

२०२५ मध्ये महाराष्ट्र परिमंडळात जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि बीएसएनएल या चार कंपन्या सेवा देत होत्या. यांतील श्रेष्ठ कोणती या प्रश्नाला सर्वत्र लागू पडणारे उत्तर नाही. बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेल्या गावांमध्ये तर एकाच गावाच्या वरच्या आणि खालच्या आळीचे उत्तर वेगळे असू शकते. कमी वारंवारतेच्या लहरी, उदाहरणार्थ ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या, दूरवर पोहोचतात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत येतात. ३,५०० मेगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असल्या तरी त्यांचा पल्ला कमी असतो. जाहिरातीतील ५जीचा वेग जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाला तरी तांड्यावर मिळेलच असे नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर व्याप्तीचे नकाशे प्रसिद्ध करावे लागतात. ते जरूर पाहावेत. पण शेजाऱ्याच्या फोनमधील रेंज हा त्याहून भरवशाचा पुरावा होय. वीज गेल्यावर टॉवर किती वेळ चालतो हेही विचारून घ्यावे. अनेकदा दोन-तीन कंपन्यांची यंत्रणा एकाच टॉवरवर असते. अशा ठिकाणी कंपनी बदलूनही वीज गेल्यानंतरची गैरसोय जशीच्या तशी राहते.

फोनसंचाचाही विचार करावा लागतो. जिओचे जाळे ४जी व ५जीचेच असल्याने जुन्या २जी बटणांच्या फोनमध्ये तिचे सीमकार्ड चालत नाही. एअरटेलने ३जी सेवा बंद केली असली तरी २जी ठेवली आहे. बीएसएनएलचे ४जी जाळे दीर्घकाळ रखडले होते. स्वदेशी तंत्रज्ञानावरील सुमारे ९७,५०० टॉवरांचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. जुलै २०२४ च्या आरंभी तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा असंख्य ग्राहक बीएसएनएलकडे वळले. त्या एका महिन्यात तिच्या ग्राहकसंख्येत सुमारे २९ लाखांची भर पडली. त्यांतील अनेकांना दर परवडले. वेगाबाबत मात्र तडजोड करावी लागली.

ज्यांना इंटरनेट लागत नाही त्यांच्यासाठी केवळ संभाषण व एसएमएसची वेगळी रिचार्ज योजना ठेवणे ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये बंधनकारक केले. वृद्धांच्या फोनसाठी कंपनी बदलण्याआधी सध्याच्याच कंपनीची ही योजना विचारावी. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

कंपनी बंद पडल्यास

पोर्टेबिलिटीचा सर्वाधिक उपयोग कंपन्या बुडाल्या तेव्हा झाला. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल संभाषण सेवा २०१७ च्या अखेरीस थांबली. २०१८ च्या आरंभी एअरसेल दिवाळखोरीत गेली. एअरसेलचे जाळे बंद पडू लागल्याने ग्राहकांना १९०० वर संदेशही पाठवता येईना, तेव्हा संकेतांक मिळवून देण्याची खास व्यवस्था करावी लागली. आपली कंपनी डबघाईला आल्याची चिन्हे दिसू लागल्यावर, रेंज आहे तोवरच पोर्ट करणे हिताचे असते.

क्रमांक गमावणे आज पूर्वीपेक्षा महाग पडते. आधार, बँक खाते, पीएम-किसानचा हप्ता, महाडीबीटीवरील शिष्यवृत्ती, नीट परीक्षेचा अर्ज या सर्वांचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. त्यामुळे क्रमांक सोडायचाच असेल तर आधी या सर्व ठिकाणची नोंद बदलून घ्यावी लागते.

तक्रार निवारण

पहिली तक्रार कंपनीच्या १९८ या निःशुल्क क्रमांकावर करतात. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नये, कारण पुढील प्रत्येक पायरीवर तो विचारला जातो. समाधान न झाल्यास ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत होणे अपेक्षित असते. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही, याची अनेकांना कल्पना नसते.

ग्राहक मंचाकडे जाता येते की नाही, याविषयी बराच काळ संदिग्धता होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ मधील एका निकालाच्या आधारे टेलिफोनविषयक तक्रारी मंचाच्या कक्षेबाहेर मानल्या जात. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडिया सेल्युलर विरुद्ध अजयकुमार अगरवाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्याचा ग्राहक मंचांचा अधिकार स्पष्टपणे मान्य केला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. म्हणजे जळकोटच्या ग्राहकाला कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरी जाण्याची गरज नाही, लातूरचा जिल्हा आयोग पुरेसा आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क आकारले जात नाही, तसेच वकील देणे सक्तीचे नाही.